विनय आणि दैन्य : ख्रिस्ती प्रेमभक्तीचा धम्मदृष्टीने परामर्श

प्रेम, नम्रता आणि अहंकाराचे समर्पण ही ख्रिस्ती श्रद्धेची तीन प्रमुख अंगे होत. प्रार्थनामंदिरातील प्रवचन असो, भजन असो किंवा घरातील सायंप्रार्थना असो, या तिन्हींचा उच्चार तेथे झाल्यावाचून राहत नाही. बौद्ध धम्मातही मैत्री आहे, निगर्वता आहे आणि अनात्मवाद आहे. त्यामुळे वरवर पाहणाऱ्यास दोन्ही धर्म एकच गोष्ट दोन भाषांत सांगत आहेत, असे वाटते. ‘सर्व धर्म सारखेच’ हे वाक्य आपल्याकडे फार स्वस्त झाले आहे आणि स्वस्त वस्तू सहसा कोणी पारखून घेत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही ती पारख करू इच्छितो. ख्रिस्ती धर्माची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. तशी निंदा करणे सम्यक् वाचेतही बसत नाही. आमचा प्रश्न मर्यादित आहे. ज्या समाजाला शतकानुशतके वाकावयास लावले गेले, त्या समाजाला ‘नम्र हो’ हा उपदेश कोणत्या अर्थाने करता येईल?

हा प्रश्न आम्ही मोडनिंब येथे राहून विचारीत आहोत, यालाही काही अर्थ आहे. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील हे गाव पुणे-सोलापूर महामार्गावर वसलेले असून कुर्डुवाडीहून पंढरपूरकडे जाणारा लोहमार्ग येथूनच जातो. जवळच सावता माळ्याचे अरण आहे. पुढे पंढरपूर आणि त्याच्याही पलीकडे चोखामेळ्याचे मंगळवेढे. भक्ती, दास्य आणि शरणागती हे शब्द या मातीत ख्रिस्ती मिशनरी येण्याच्या कितीतरी आधीपासून रुजलेले आहेत. चोखोबांनी आयुष्यभर विठ्ठलाला आळवले. परंतु त्यांना दाराच्या आत प्रवेश नव्हता. त्यांची समाधीही महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ, म्हणजे बाहेरच आहे. १९४८ साली प्रसिद्ध झालेला ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ परमपूज्य बाबासाहेबांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला. यावरून चोखोबांविषयी त्यांच्या मनात केवढा आदर होता, हे दिसते. तथापि त्यांनी आपल्या समाजाला चोखोबांच्या वाटेने जाऊ दिले नाही. या आदराचा आणि या नकाराचा मेळ कसा घालावयाचा, हे ज्याला उमगले त्यास ख्रिस्ती नम्रतेचे मूल्यमापन करणेही अवघड जाणार नाही.

सोलापूरचे भाषण

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवले येथे बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. त्यानंतर सुमारे सव्वादोन वर्षांनी, १९३७ च्या अखेरीस ते याच भागात आले. कुर्डुवाडी, पंढरपूर आणि सोलापूर येथे त्यांचे कार्यक्रम झाले. जानेवारी १९३८ मध्ये सोलापुरात रेव्हरंड गंगाधर जाधव यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या ख्रिस्ती बांधवांच्या सभेत त्यांनी केलेले भाषण पुढे ‘जनता’ पत्रात प्रसिद्ध झाले. आपल्या अभ्यासवर्गांतून या भाषणाचा उल्लेख क्वचितच होतो, ही खेदाची गोष्ट आहे.

धर्मांच्या तौलनिक अभ्यासानंतर आपल्या मनाला आकर्षून घेणाऱ्या व्यक्ती दोनच उरतात, एक बुद्ध आणि दुसरा ख्रिस्त, असे बाबासाहेबांनी त्या सभेत सांगितले. हा सभेला खूश करण्यासाठी केलेला शिष्टाचार नव्हता. कारण त्याच भाषणात त्यांनी श्रोत्यांचे दोषही स्पष्टपणे मांडले. दक्षिणेत ख्रिस्ती लोक प्रार्थनामंदिरातसुद्धा जातिभेद पाळतात, याकडे त्यांनी लक्ष वेधले. ख्रिस्ती समाज राजकीय दृष्ट्या मागे राहिला आहे. धर्मांतरानंतर मुलांच्या शिष्यवृत्त्या जातात. समाजात शिकलेले लोक पुष्कळ आहेत, परंतु अन्यायाविरुद्ध ते उठत नाहीत आणि अशिक्षित अस्पृश्य मात्र लढत आहेत, असे त्यांचे प्रतिपादन होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ख्रिस्ताच्या व्यक्तिमत्त्वाविषयी बाबासाहेबांना आदर होता. त्यांचा आक्षेप होता तो ख्रिस्ती समाजाच्या निष्क्रियतेवर. प्रेमाचा आणि नम्रतेचा एवढा उपदेश ऐकणारा समाज अन्यायासमोर गप्प का राहतो? उपदेश कमी पडला, की उपदेशातच काही उणीव होती? सोलापूरच्या त्या सभेने उपस्थित केलेला हा प्रश्न आम्हांस आजही महत्त्वाचा वाटतो.

वरून खाली येणारी नम्रता

प्रथम ख्रिस्ती शिकवणुकीचे जे उत्तम रूप आहे ते पाहू. प्रतिपक्षाचे दुबळे रूप पुढे करून ते खोडणे हे विद्वत्तेचे लक्षण नव्हे. योहानाच्या शुभवर्तमानात असे सांगितले आहे की, अटक झाली त्याच रात्री, अटकेपूर्वी येशूने कमरेला रुमाल बांधून आपल्या शिष्यांचे पाय धुतले. पाय धुणे हे दासाचे काम होते आणि ते गुरूने केले. संत पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात हाच विचार तत्त्वरूपाने मांडला आहे : जो देवाच्या ठायी होता त्याने स्वतःला रिक्त केले आणि दासाचे रूप घेतले. ख्रिस्ती नम्रतेचा आणि अहंसमर्पणाचा सारा पाया या दोन ठिकाणी आहे.

या दोन्ही ठिकाणी खाली येतो तो वरचा आहे. गुरू शिष्यांपुढे वाकतो, देव दास होतो. मूळ कथेत दासाला ‘आणखी वाक’ असे कोणी सांगितलेले नाही. या मर्यादेत ही कथा आम्हांस परकी वाटत नाही. विनयपिटकातील चुल्लवग्गात भद्दिय, अनुरुद्ध, आनंद आदी शाक्य कुमारांच्या प्रव्रज्येचा प्रसंग आहे. त्यांच्याबरोबर उपाली हा न्हावी होता. त्या कुमारांनी भगवंतांना विनंती केली की, आम्हां शाक्यांना फार अभिमान आहे, म्हणून उपालीला आमच्या आधी प्रव्रज्या द्यावी. म्हणजे तो ज्येष्ठ होईल, आम्हांला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा शाक्यपणाचा गर्व उतरेल. भगवंतांनी तसेच केले. पुढे प्रथम संगीतीत विनयाचे संगायन झाले तेही उपालीच्याच मुखाने.

या दोन कथांतील साम्य आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. मात्र एक भेद राहतोच. येशूने पाय धुतल्यावरही तो प्रभूच राहिला आणि शिष्य शिष्यच राहिले. त्या कृतीने शिष्यांना धडा मिळाला. उपालीच्या प्रसंगाने संघातील ज्येष्ठतेचा क्रमच बदलला. न्हावी वर गेला, क्षत्रिय खाली आले आणि तो क्रम नियम म्हणून कायम झाला. पहिल्या ठिकाणी नम्रता हा आदर्श आहे. दुसऱ्या ठिकाणी ती व्यवस्था झाली आहे. बाबासाहेबांनी धर्माकडून जी अपेक्षा केली ती या दुसऱ्या प्रकारची होती.

महाराष्ट्रातील तीन उदाहरणे

मराठी ख्रिस्ती वाङ्मयात या विषयाचा विचार करावयाचा तर रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांच्यापासून आरंभ करावा लागतो. कोकणातील चित्पावन ब्राह्मण कुळात जन्मलेल्या टिळकांना रेल्वेच्या प्रवासात एका युरोपीय गृहस्थाने नवा करार दिला. त्यातील गिरिप्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. त्यांच्या ‘अभंगांजली’त याची साक्ष पटते. वारकरी भक्ताने विठ्ठलाला ज्या आर्ततेने आळवावे त्याच आर्ततेने टिळक ख्रिस्ताला माता आणि गुरू म्हणून आळवतात. ‘मी’पणाचा पूर्ण लय व्हावा आणि ख्रिस्तच आपल्या ठायी उरावा, हा त्यांच्या अभंगांचा स्थायी भाव होय. काव्य म्हणून त्यातील प्रासादिकता नाकारण्याचे कारण नाही.

टिळकांचे समर्पण शब्दांपुरते नव्हते. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा सर्व ख्रिस्तभक्तांसाठी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. पगार, पद आणि प्रतिष्ठा त्यांनी सोडली, हे खरे. परंतु समीक्षकाने येथे एक साधी गोष्ट विसरू नये. सोडण्यासाठी त्यांच्याजवळ काही होते. ब्राह्मण्याचा अभिमान, पांडित्याचा अभिमान, कवित्वाचा अभिमान यांचे ओझे ज्याच्या खांद्यावर आहे, त्याने ते ख्रिस्ताच्या चरणी उतरवावे, हे समजण्यासारखे आहे. नगर-सोलापूर भागातील अमेरिकन मराठी मिशनच्या ख्रिस्ती समाजात बहुसंख्य लोक महार-मांग समाजातून आलेले होते. टिळकांची ‘मी काहीच नाही’ ही आळवणी त्यांच्या कानी पडे तेव्हा तिचा अर्थ काय होत असेल? गावाने त्यांना पिढ्यान्‌पिढ्या हेच सांगितले होते की, तुम्ही काहीच नाही. एकाच शब्दाने एकाचा गर्व उतरतो आणि दुसऱ्याचे दैन्य पक्के होते. टिळकांच्या भक्तिकाव्यावर आजवर जी समीक्षा झाली तिने वृत्त, भाषा आणि भक्तिपरंपरा यांची चर्चा पुष्कळ केली; ऐकणारा कोण आहे, हा प्रश्न मात्र फारसा विचारला नाही.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाली. आमच्या मते अहंकारविसर्जनाचा अधिक विश्वासार्ह दाखला टिळकांच्या अभंगांपेक्षा या ग्रंथात सापडतो. वडिलांच्या कमालीच्या सोवळ्यात वाढलेली ही स्त्री पतीच्या धर्मांतरानंतरही काही काळ आपले सोवळे जपत राहिली. पुढे जातिभेद ईश्वरनिर्मित नव्हे, तो माणसाने केलेला आहे, हे तिला स्वतःच्या विचाराने उमगले आणि तिने स्पर्शास्पर्श टाकला. तिचा बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली झाला. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी बुद्धीने भ्रम तुटला, मग श्रद्धा आली. अहंकाराचा सर्वांत चिवट भाग, म्हणजे जात, शरणागतीपेक्षा विचाराने आधी गळून पडला. शिवाय लक्ष्मीबाई आपल्या नम्रतेचा गाजावाजा करीत नाहीत. त्या स्वतःला हसतात, टिळकांच्या तापट स्वभावालाही हसतात. ज्याला स्वतःला हसता येते त्याचा ‘मी’ सैल झालेला असतो.

तिसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे (१८५८-१९२२). १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर लवकरच धर्मगुरूंच्या अधिकाराविषयी सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा तीव्र पत्रव्यवहार झाला. पुरोहितवर्गाच्या एका जोखडातून आपण नुकत्याच सुटलो आहोत, आता दुसरे जोखड मानेवर घेणार नाही, असा त्यांचा आशय होता. त्यांच्यावर अहंकाराचा, अविनयाचा ठपका आला. रमाबाईंची ख्रिस्तावरील श्रद्धा अढळ होती. पुढे त्यांनी केडगावला मुक्ती सदन उभारले आणि मूळ भाषा शिकून मराठीत बायबलचे भाषांतरही केले. पण देवापुढे नम्र होणे आणि धर्मसत्तेपुढे मान तुकवणे यांतला भेद त्यांनी कधी सोडला नाही. सत्तेला नम्रतेचा उपदेश फार सोयीचा असतो. म्हणून ज्याच्याकडून नम्रता मागितली जाते त्याने ती कोण मागतो आहे, हे आधी पाहावे.

पापाचा सिद्धांत आणि परिस्थिती

आता मूळ प्रश्नाकडे वळू. बाबासाहेबांनी धर्मांतरित ख्रिस्ती माणसाच्या स्थितीवर एक निबंध लिहिला होता. तो महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या पाचव्या खंडात, १९८९ मध्ये प्रकाशित झाला. त्यातील एक विचार येथे फार उपयोगी आहे. त्याचा आशय असा की, अस्पृश्य माणूस हिंदू होता तेव्हा त्याच्या अवनतीचे कारण त्याचे पूर्वकर्म, असे त्याला सांगण्यात आले. तो ख्रिस्ती झाल्यावर त्या अवनतीचे कारण आदिपुरुषाचे पाप, असे सांगण्यात आले. दोन्हीकडे दोष माणसाच्या माथी. ज्या समाजव्यवस्थेने त्याला खाली ढकलले तिच्याकडे बोट कोणीच दाखवीत नाही.

ख्रिस्ती समर्पणाची मुळे या पापसिद्धांतात आहेत. मनुष्य पापी आहे, स्वतःच्या बळावर तो वर येऊ शकत नाही, म्हणून त्याने ‘मी’ सोडून कृपेला शरण जावे, अशी ही मांडणी आहे. या मांडणीत सांत्वन आहे. पण ज्याला आपली परिस्थिती बदलावयाची आहे त्याला सांत्वनापेक्षा कारणमीमांसा हवी असते. दुःख आहे, दुःखाला कारण आहे आणि ते कारण दूर करता येते, असे सांगणारा धम्म त्याला अधिक जवळचा वाटतो याचे हेच कारण होय.

येथे ख्रिस्ती पत्रसृष्टीच्या एका मोठ्या उपकाराची नोंद करणे न्याय्य होईल. अमेरिकन मराठी मिशनच्या ‘ज्ञानोदय’ पत्रात १८५५ साली मुक्ता साळवे या मातंग विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापला गेला. फुले दांपत्याच्या चळवळीतील शाळेत शिकलेल्या त्या मुलीच्या निबंधात दैन्य नाही; तीत धर्मव्यवस्थेला विचारलेले रोकडे प्रश्न आहेत. मिशनच्या पत्राने तिला जागा दिली, पण मिशनच्या व्यासपीठावरील उपदेशाने तिचा प्रश्न पुढे चालवला नाही. तो पुढे चालवावयास आणखी सात दशकांनी महाड घडावे लागले.

‘मी हीन आहे’ हाही मानच

अहंकाराविषयी धम्माची दृष्टी कोणती? आपल्या समाजात अनात्मवादाचे विवेचन बहुधा आत्म्याच्या नकारापाशी थांबते. दहा संयोजनांतील आठवे संयोजन ‘मान’ हे आहे, त्याकडे पुरेसे लक्ष जात नाही. पाली ग्रंथांत मानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. मी इतरांहून श्रेष्ठ आहे, हा एक मान. मी इतरांच्या बरोबरीचा आहे, हा दुसरा मान. आणि मी इतरांहून हीन आहे, हा तिसरा मान.

या तिसऱ्या प्रकाराचे महत्त्व आम्हांस विशेष वाटते. सामान्य समजुतीनुसार स्वतःला हीन मानणे म्हणजे निरहंकार होणे होय. भक्तिसंप्रदाय तसेच मानतो आणि ख्रिस्ती भक्तिवाङ्मयही बहुधा तसेच मानते. भगवान बुद्ध सांगतात की, हीनत्वाची भावना हेदेखील अहंकाराचेच एक रूप आहे, कारण तिच्याही मुळाशी ‘मी’ आहे आणि त्या ‘मी’ची इतरांशी चाललेली तुलना आहे. म्हणून ज्याला अहंकार सोडावयाचा आहे त्याला श्रेष्ठत्व जसे सोडावे लागते तसेच हीनत्वही सोडावे लागते. जातिव्यवस्थेने वरच्यांना पहिल्या मानाने आणि खालच्यांना तिसऱ्या मानाने बांधले. दोघांच्याही बेड्या एकाच धातूच्या आहेत. ‘आम्ही हलके’ असे म्हणणाऱ्या बापाला आणि ‘आम्ही कोणापेक्षा कमी नाही’ असे म्हणणाऱ्या मुलाला धम्म दोन वेगळ्या पायऱ्यांवर उभे पाहतो. मुलाची पायरी निश्चितच पुढची आहे. पण तीही शेवटची नव्हे.

थेरगाथेत सुनीत थेरांचे कथन आहे. ते निर्माल्य व कचरा उचलणारे होते. लोक त्यांची घृणा करीत आणि ते मन खाली करून अनेकांना वंदन करीत राहत, असे ते स्वतःच सांगतात. भिक्षुसंघासह येणाऱ्या तथागतांना पाहून त्यांनी खांद्यावरची कावड खाली ठेवली आणि ते पुढे गेले. तथागत त्यांच्यासाठी थांबले आणि ‘ये भिक्षू’ एवढ्या शब्दांनी त्यांना संघात घेतले. ‘आधी आपले पाप कबूल कर’ असे तथागत म्हणाले नाहीत. ‘आणखी नम्र हो’ असेही म्हणाले नाहीत. सुनीतांचे वाकणे तेथे संपले आणि साधना सुरू झाली. दैन्य आणि विनय यांतील सीमारेषा या कथेत जितकी स्पष्ट आहे तितकी अन्यत्र आमच्या पाहण्यात नाही.

मग अहंकार जातो कसा? खेमक सुत्तात याचे उत्तर आहे. आजारी खेमक भिक्षू स्थविरांना सांगतात की, पाच स्कंधांपैकी कोणताही ‘मी’ नव्हे, हे मला कळले आहे. तरी ‘मी आहे’ ही सूक्ष्म भावना उरली आहे. मळके वस्त्र क्षाराने धुतले तरी क्षाराचा वास त्यात राहतो, तसा हा प्रकार आहे. स्कंधांचे उदय-व्यय सतत पाहत गेल्याने तोही वास जातो. येथे समर्पणासाठी कोणी प्रभू नाही आणि कृपेची याचनाही नाही. पाहणे आहे, पुन्हा पाहणे आहे. ‘आम्हीही शरण जातोच की’, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु त्रिशरणातील शरण म्हणजे मार्ग दाखविणाऱ्यावरचा विश्वास होय. बुद्ध हा मार्गदाता आहे, मोक्षदाता नव्हे, हे बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात असंदिग्ध शब्दांत सांगितले आहे, आणि महापरिनिर्वाणापूर्वी तथागतांनी आनंदाला केलेला उपदेशही स्वतःच स्वतःचे द्वीप व्हावे, असाच होता.

प्रेम आणि मैत्री

ख्रिस्ती प्रेमाची महती मोठी आहे. शत्रूवरही प्रेम करावे, हे त्याचे शिखर होय. त्याच ग्रंथातील बाबासाहेबांचे मत असे की, केवळ प्रेम पुरेसे नाही, मैत्री हवी. कारण मैत्री प्रेमाहून व्यापक असून ती प्राणिमात्रापर्यंत जाते. आमच्या मते याला आणखी एक कारण आहे. आचार्य बुद्धघोषांनी विशुद्धिमार्गात मैत्रीचे दोन शत्रू सांगितले आहेत. द्वेष हा दूरचा शत्रू, तर आसक्ती हा जवळचा शत्रू. आसक्ती मैत्रीसारखीच दिसते, म्हणून ती अधिक घातक. प्रेम देणारा वर राहतो आणि घेणारा उपकृत होतो, तेथे त्या प्रेमात देणाऱ्याच्या ‘मी’ची आसक्ती शिरलेली असते. मिशनच्या आश्रयाने वाढलेल्या अनेकांना या उपकृततेचे ओझे जाणवले आहे. विशुद्धिमार्गात मैत्रीभावनेचा आरंभ स्वतःपासून करावयास सांगितले आहे. ज्याला स्वतःचा तिरस्कार करावयास शिकवले गेले, त्याच्यासाठी ही पहिली पायरी हाच मोठा उपचार आहे.

तथापि ख्रिस्ती प्रेम नेहमीच निष्क्रिय राहिले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. अमेरिकेत माँटगोमेरी शहरात डिसेंबर १९५५ पासून ३८१ दिवस कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकला. त्यांचे नेते मार्टिन ल्यूथर किंग हे ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. तो बहिष्कार चालू असतानाच १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली. शक्तीवाचून प्रेम दुबळे होते आणि प्रेमावाचून शक्ती निर्दय होते, हा किंग यांच्या पुढील काळातील विचारांचा गाभा होता. सोलापूरच्या ख्रिस्ती बांधवांना बाबासाहेबांनी १९३८ मध्ये जे सुचविले, ते एका ख्रिस्ती माणसाने दुसऱ्या खंडात करून दाखविले.

आपल्या देशातही अरविंद निर्मळ यांच्यासारख्या ख्रिस्ती विचारवंताने १९८१ पासून दलितांच्या दृष्टीने ईश्वरविद्येची मांडणी सुरू केली. दलितांचा देव हा सेवक देव आहे. झाडू मारणाऱ्यात, घरकाम करणाऱ्यात तो पाहिला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. या विचारातील धग आम्ही ओळखतो. तरी एक शंका राहते. सेवकाला देवत्व दिल्याने त्याच्या हातातील झाडू सुटतो का? १९५० साली महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलेल्या लेखात बाबासाहेबांनी धर्माची एक कसोटी सांगितली : धर्माने दारिद्र्याला पवित्र ठरवू नये. ज्याच्याजवळ संपत्ती आहे त्याने ती त्यागणे धन्य असेल. मुळातले दारिद्र्य कधीच धन्य नसते. हीच कसोटी नम्रतेला लावावी, असे आम्ही सुचवितो. ज्याच्याजवळ गर्व आहे त्याने तो त्यागावा, हे धन्य आहे. लादलेले दैन्य कधीच धन्य नसते, मग ते विठ्ठलाच्या दारातील असो किंवा क्रुसाच्या पायथ्याशी असो.

आपल्या घरात

येथवर आम्ही दुसऱ्याच्या घराची तपासणी केली. आपल्या घरात डोकावल्याशिवाय ती पुरी होत नाही. हीनमान टाकण्यात आपल्या समाजाने जे यश मिळविले त्याला इतिहासात तोड नाही. मात्र हीनमान गेला की सेय्यमान, म्हणजे श्रेष्ठत्वाचा मान, त्या जागी येऊन बसतो. १९५७ साली स्थापन झालेला रिपब्लिकन पक्ष अल्पावधीतच दुभंगला आणि पुढे गटागटांत विभागला गेला. त्यामागे धोरणाचे मतभेद किती आणि ‘मी’ किती, याचा हिशेब प्रत्येकाने मनाशी करावा. विहाराच्या कोनशिलेवर कोणाचे नाव आधी, यावरून वर्षानुवर्षे अबोला धरणारे उपासक गावोगावी भेटतात. आणि सर्वांत बोचणारा प्रश्न असा की, बौद्ध वस्ती शेजारच्या मातंग वस्तीशी कशी वागते? मुक्ता साळवे यांचे नाव आपण व्यासपीठावरून अभिमानाने घेतो. त्यांच्या समाजातील किती कुटुंबांना आपण वर्षावासातील ग्रंथवाचनास सन्मानाने बोलावतो? किती घरी सोयरीक जोडतो?

या प्रश्नांपुढे प्रेम, नम्रता आणि अहंकाराचे विसर्जन हे शब्द आपल्यासाठीही जिवंत होतात. ‘आम्हांला पुष्कळ वाकविले, आता आम्ही कोणापुढेही वाकणार नाही’, हे म्हणणे समाजाला उभे करण्यासाठी आवश्यक होते. ते आजही अन्याय करणाऱ्यासमोर आवश्यक आहे. पण धम्मबंधूसमोर, पत्नीसमोर, आपल्याहून मागे राहिलेल्या शेजाऱ्यासमोर तेच वाक्य मानाचे वाक्य होते. शाक्य कुमारांनी उपालीला पुढे केले, कारण वर कोण आहे, हे त्यांना ठाऊक होते. आज शिकलेला बौद्ध हा आपल्या वस्तीतला शाक्य कुमार आहे. आधी वंदन करण्याची पाळी त्याची आहे.

म्हणून आमची सूचना अशी की, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारांतून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते, त्याला जोडून उपालीची प्रव्रज्या, सुनीत थेरांचे कथन आणि खेमक सुत्त यांचेही वाचन व्हावे. सोलापूरचे १९३८ चे भाषण त्याबरोबर वाचले जावे आणि त्या वाचनास शेजारच्या ख्रिस्ती व मातंग बांधवांना बोलवावे. ख्रिस्ती बांधव आपल्या पाय धुण्याच्या कथेचा अर्थ सांगतील, तो आपण ऐकावा. आपला अर्थ त्यांना सांगावा. मतभेद राहतील, ते लपवू नयेत. दैन्य आणि विनय यांची ओळख दोन्ही समाजांना पटली तर पुढचे काम पुष्कळ सोपे होईल.